पखाल

ऑर्टनच्या माळावर, जिथे मेंढ्या अडवायला
रस्त्यातच लोखंडी गज आडवे टाकलेत,
तिथे पंचेचाळीस मैलांच्या वेगात
पुढची चाकं अंगात आल्यासारखी घुमू लागायची.
मागे कॅल्शियमच्या बाटल्या दात वाजवायच्या,
कासरे, बादली, गमबूट, सगळा संसार थरथरायचा,
आणि मी, सतरा वर्षं परक्यांच्या गाईंच्या पोटात
खांद्यापर्यंत हात घालणारी बाई,
काटा विसावर येईपर्यंत श्वास धरून बसायचे.

आधी रस्त्याला दोष दिला.
मग टायरला. पेनरिथला जाऊन चारी चाकं तोलून आणली.
आठवडा बरा गेला.
आठव्या दिवशी तेच गज, तेच घुमणं.

नोरीन अल्डरसनचं गॅरेज कर्कबी स्टीफनच्या मागच्या गल्लीत,
पूर्वी तिथे लोकर तोलायचे.
मी नवा स्टिअरिंग डॅम्पर कागदात गुंडाळून नेला होता,
शेतकरी कधीकधी स्वतःच ठरवून औषध मागायला येतो, तशी.
तिने तो उलटापालटा केला,
किटलीशेजारी ठेवून दिला.
'यानं थरथर गप्प बसेल. जाणार नाही.'

माझ्या तोंडून निघून गेलं, मराठीतच:
दुखणं म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला.

'म्हणजे काय?'
आता आली का पंचाईत.
या खोऱ्यात म्हैस नाही,
आणि पखाल तर मीही कधी पाहिलेली नाही,
परभणीच्या कॉलेजात सर चिडले की ऐकायचो, तेवढीच.
खडू घेतला, फरशीवर म्हैस काढली,
तिच्या पाठीवर पाण्याची कातडी पिशवी,
आणि पिशवीत सुई खुपसणारा गंभीर चेहऱ्याचा माणूस.
नोरीन बराच वेळ बघत राहिली.
'हिची पुढची चाकंसुद्धा बाहेर फाकलीत,' म्हणाली
आणि जॅक आणायला गेली.

चाक अधांतरी. वर बारावर एक हात, खाली सहावर दुसरा,
तिने हलवलं.
टक्.
'आत बस. ब्रेक दाबून धर.'
दाबला.
टक्.
'मग बेअरिंग नव्हे. ज्या खुंटीवर चाक वळतं, ती सैल आहे.'

मी उतरून तिच्या शेजारी आडवी झाले, पाठीखाली पुठ्ठा.
ही जागा माझ्या ओळखीची होती,
खालून बघणं, बोटांनी विचारणं.
पॅनहार्ड रॉडचं रबर मलाच सापडलं,
सडक्या खुरासारखं अंगठ्याखाली फाटलं.
'शाब्बास,' असलं काही ती म्हणाली नाही.
'टॉर्च नीट धर,' म्हणाली.

खुंटीच्या टोपीखालून पत्र्याच्या चकत्या निघाल्या, नखाएवढ्या पातळ.
कुणा जुन्या मालकाने दोन जास्त घातल्या होत्या,
स्टिअरिंग हलकं वाटावं म्हणून.
एक काढली. टोपी आवळली.
मग भिंतीवरून तिच्या वडिलांचा ताणकाटा उतरला,
ज्याला कोकरं टांगून तोलली जायची,
त्याचा आकडा चाकाच्या दांडीत अडकवून
तिने हळूहळू ओढलं, दुधाची धार बघावी तसं.
अजून सैल.
दुसरी काढली.
सव्वा किलो.
'हं,' एवढंच.

परतताना गजांवरून मुद्दाम पन्नासने गेले.
गज वाजले, बाटल्या एकदा किणकिणल्या,
आणि पुढे नुसता रस्ता.
मी उगाच वळले, पुन्हा गेले. तिसऱ्यांदाही.
एका मेंढीने मान वर करून पाहिलं.

बिलावर नाव 'मिस हिंगमायर'.
डॅम्पर अजून तिच्या फळीवर आहे,
मी मागितला नाही, तिनं दिला नाही.

फेब्रुवारीत पहाटे फोन:
'वेट, माझी म्हातारी कुत्री रात्रभर खोकतेय.
ये. आणि हे बघ,
म्हैस तपास.'