गळालेली पावलं

उद्यमबागेतलं चौथं शटर. रात्रीचे साडेनऊ.
भंगारातल्या प्रिंटरची मोटर, चार तारा.
भरमू दोन तारा पिळतो, शाफ्ट फिरवून बघतो:
जड झाला, तर त्या दोघी एका घरच्या.

तयार ड्रायव्हर पुण्याहून यायचा, अडीच हजाराला.
"कशाला वो? मीच करालोय," म्हणाला,
आणि तीन चिप जाळल्या.
चौथी टिकली. करंट किती?
हीटसिंकवर बोट पाच मोजेपर्यंत ठेवता आलं, बस.

पहिलं काम शहापुरातल्या बाळेकुंद्रींची पाटी,
दोन लिप्यांत एकच आडनाव.
शिरोरेषा सरळ, एकटी मोटर ओढून नेते.
कन्नडच्या गोलाईला मात्र दोघींनी
एकमेकींना सांभाळत चालायचं.

तिथंच कुठंतरी सात-आठ पावलं गळाली.
कंट्रोलर आपला मोजत राहिला.
पोचलीस का, हे विचारायची तार
त्या बोर्डावर नव्हतीच.

भरमूनं पाटी ट्यूबखाली तिरकी धरली.
फुंकर मारली. भुसा उडाला, अक्षर तसंच वाकडं.
मग वेग थोडा उतरवला,
फळी उलटून कोरी बाजू वर घेतली,
आणि शून्य शोधायला
स्पिंडल कुरकुरत कोपऱ्याकडे निघाला.