नात बरी झाली

पाळकसाहेब म्हणाले, शताब्दीच्या स्मरणिकेत
दोन पानं इतिहास हवा,
तारखा नीट बघा, फोटो असला तर बरंच.
मी शाळेत भूगोल शिकवला, इतिहास नाही.
पण मंडळीची पत्र्याची पेटी माझ्या माळ्यावर, म्हणून मीच.

पेटीत एक वही.
पहिली सहा पानं वाळवीनं नेलीत.
म्हणजे आमची उत्पत्ती तिलाच ठाऊक.

सातव्या पानापासून शांतवन कर्डक.
गँगमन, खर्डी ते कसारा.
सहा दिवस रुळाखालची खडी ठोकायची,
सातव्या दिवशी असाण्याखाली बसून
मत्तयाचा पाचवा अध्याय.
तेवढाच येत होता, असं स्वतःच लिहितात.

फिरते उपदेशक तीन महिन्यांनी यायचे, तट्टावरून.
"आले. बाप्तिस्मे दोन, लग्न एक. तट्टाला चंदी, पाऊण आणा."
मधल्या बुधवारी वर्ग.
"नऊ माणसं. येसाजीनं दारू सोडल्याची साक्ष दिली."
पुढचा बुधवार:
"आठ माणसं. येसाजी नाही."

देऊळ तीनदा बांधलं.
पहिलं कुडाचं, वर पेंढा.
होळीच्या आदल्या रात्री जळालं.
कुणी जाळलं, तिथं बोटभर जागा कोरी सोडलीय,
नाव नंतर भरू म्हणून,
किंवा नकोच भरायला म्हणून.
दुसरं मातीचं. ते आपणहून बसलं.
तिसरं हे.

विटा साडेचार हजार.
जुने स्लीपर अकरा, साहेबाच्या तोंडी परवानगीनं.
चुन्यात घालायला गूळ, एक ढेप,
वजा पावशेर, पोरांनी खाल्ला.
घंटेला पैसे उरले नाहीत,
तर हातभर रुळाचा तुकडा जांभळीला टांगला.
पहिल्या रविवारी तो वाजला
आणि निम्मी वाडी गाडी बघायला धावली.

दर्शनी भिंतीत संगमरवर आहे.
त्यावर ज्या साहेबानं विलायतेतून पैसे धाडले त्याचं नाव,
पाथरवटानं काना चुकवलेलं.
फोटो त्याचाच निघेल.

वहीत मात्र असं:
"चुना कांडला. सगुणा भिवा. सोळा दिवस. मजुरी घेत नाही.
हाताला फोड. खोबरेल, अर्धा आणा."

आणि चार पानं उलटल्यावर:
"सगुणा भिवा. वर्गातून नाव कमी.
कारण, नात तापली असता मरीआईला नारळ फोडला."
नावावर लाल शाईची रेघ,
पट्टी लावून मारलेली, सरळ.

त्याखाली काळ्या शाईत, त्याच अक्षरात,
कुणी विचारलेलं नसताना:
"नात बरी झाली."

मी ती ओळ किती वेळ बघत बसले कोण जाणे.
कर्डक हे लिहायला कंदील घेऊन परत उठले असतील का?
की लाल दौत बंद करून लगेचच?
नातीचं नाव दिलेलं नाही.
सगुणा पुन्हा वहीत येत नाही.

गेल्या महिन्यात गिलाव्याला कल्याणहून माणूस आला.
जुना चुना पाडतो म्हणाला, सिमेंट मारू, दोन दिवसांचं काम.
चौथ्या दिवशी छिन्नीची धार दाखवत
माझ्यापाशी आला,
"बाई, यात घातलंय तरी काय?"
गूळ, मी म्हटलं.
एवढं सांगून गप्प बसले, आणि ते बरोबर केलं नाही.

काल पाळकसाहेबांना दोन पानं दिली.
चष्मा वर सारून त्यांनी वाचली.
माणूस मऊ आहे, ओरडत नाही.
म्हणाले, सगळं छान, फक्त ती नारळाची ओळ
काढली तर चालेल ना?

चालेल, मी म्हटलं.
पण लाल शाईनं काढा.
वाचता येईल अशी.