धड जिन्यात वळत नाही

खोकं आलं तेव्हा शालन म्हणाली, फ्रिज मागवलात का?
मी म्हटलं, विमान.
ती बरं म्हणाली
आणि भात टाकायला आत गेली.

दिवसभर मी दात करतो.
विक्रोळी पार्कसाइटला, तळमजल्यावर,
मेणाचे, मग धातूचे, मग चिनीमातीचे.
माणसं माझ्यावर रोज जेवतात
आणि मला ओळखत नाहीत.

रात्री दहानंतर पंख.
बाल्साच्या पट्ट्या अशा, की पंखा लावला
तर आपापल्या उठून चालू लागतात,
म्हणून पंखा बंद, एप्रिल महिना,
घाम गोंदात पडू नये एवढीच काळजी.

बरगडी क्रमांक सात खोक्यात नव्हती.
कंपनीने कळवलं, तीन आठवडे लागतील.
मी सहा आणि आठ शेजारी ठेवल्या
आणि मधली डोळ्याने काढली.
दाढ हरवली की तेच करायचं असतं,
दोन्ही बाजूंना विचारायचं
इथं कोण होतं, केवढं होतं.

डिमेलोबाई गोंदाच्या वासाची तक्रार घेऊन आल्या.
शेपूट सुकेपर्यंत कुणीतरी काटकोनात धरायला हवं होतं.
धरलं त्यांनी.
चाळीस मिनिटं, एकदाही खाली न ठेवता,
मस्कतच्या मुलाबद्दल बोलत.
वासाचं राहूनच गेलं.

पिवळी फिल्म इस्त्रीने बसवतात.
माझ्या हातून पहिलाच तुकडा आक्रसला
तेव्हा शालनने इस्त्री काढून घेतली.
तुम्ही दातच करा, म्हणाली.
कडेकडून मध्याकडे, फुगा आला की टाचणी,
ओठांत दोन टाचण्या धरून
तिने चार रात्रींत दोन्ही पंख नेसवले.

तिला पंखाचा छेद दाखवला.
साध्या विमानाचा पंख खालून सपाट,
त्याला आभाळ कुठल्या बाजूला ते ठाऊक असतं.
हा कसरतीचा. वरून जेवढा फुगीर तेवढाच खालून.
उलटं केलं तरी त्याला काही वाटणार नाही.
शालन टाचणी काढून म्हणाली,
मग पडायला लागलं
तर त्याला कळणार कसं?

यावर माहितीपत्रकात काही नव्हतं.

तोल बघायचा दिवस.
पंखांखाली एकेक बोट, तिचं आणि माझं,
नाक जरासं खाली झुकायला हवं.
बॅटरी बोटभर मागे, परत थोडी पुढे.
सूप धरल्यासारखं धरा, ती म्हणाली,
आणि ते सुटलं आमच्यापासून, म्हणजे आम्हीच धरलं होतं
पण वजन कुठेतरी गेलं.

खोली मापली होती. जिना मापला नव्हता.
पंख निघतात, बगलेत मारून नेता येतात.
दोन मीटरचं धड दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडलं,
पुढे नाही, मागे नाही.
शेवटी गॅलरीतून सोडलं,
डिमेलोबाईंची कपडे वाळत घालायची दोरी, गादीची खोळ,
खाली वॉचमन पासवान हात पसरून
बाळ झेलावं तसा.
इंजिनाविना, नाक खाली,
एकेका खिडकीसमोरून हळूहळू उतरत गेलं ते.
खिडकीत माणसं जेवत होती.
दोघातिघांच्या तोंडात माझे दात असणार.

पनवेलपलीकडच्या माळावर
तिसऱ्या झटक्याला इंजिन धरलं.
वर गेलं. एक गिरकी.
माझे अंगठे लटपटत होते, पण अंगठ्यांनाच माहीत.
मग मी ते उलटं केलं
आणि आमच्या डोक्यावरून आणलं, खाली, अगदी खाली,
पोट आभाळाकडे, पाठ आमच्याकडे,
सगळी पिवळी, उन्हात.

शालन कपाळावर हात धरून बघत होती.
ती बघा, म्हणाली,
डाव्या पंखाला, मुळाशी.
सुरकुती राहिलीच.