टिंब

पहिल्या दिवशी मला एकच प्रश्न विचारायला सांगितला होता:
आपली गिऱ्हाइकं किती?

विक्रीवाले म्हणाले, चार हजार.
हिशेबखातं म्हणालं, सहा हजार एकशे बारा.
गोदामातल्या तुंजायने चहाचा पेला खाली न ठेवता सांगितलं,
"माल उचलायला येतात ते दोनशे.
बाकीचे तुमच्या कागदांवर राहतात."

इझमीरच्या या कारखान्यात
आम्ही तेलघाण्यांचे सुटे भाग बनवतो:
चाळण्या, चकत्या, पंपांचे पडदे.
चुकीच्या पत्त्यावर गेलेली एक चकती
म्हणजे ऐन नोव्हेंबरात थांबलेला घाणा
आणि ढिगात तापत, आंबत चाललेली ऑलिव्हं.

आमच्या लिपीत दोन जुळी अक्षरं आहेत.
एकाच्या डोक्यावर टिंब, दुसरं बोडकं.
जुन्या संगणकाला टिंब दिसत नसे,
नव्याला दिसतं, पण कळत नाही.
म्हणून आयवालिकचे इल्गाझ चार वेळा जन्मले:
टिंबासकट, टिंबावाचून,
एकदा 'आणि मुलगे' लावून,
एकदा नुसता फोन नंबर, सहा आकडी,
जो आता कुठेच वाजत नाही.

मी चौघांवर खूण केली. विलीन करा.
बोट कळीवर होतं.

मागून नुरहयात हानिम आल्या,
एकतीस वर्षं पावत्या फाडलेल्या, चष्मा कपाळावर.
"थांब गं. हा बाप. हा थोरला.
दोन हजार तीनपासून बापलेकांचं बोलणं नाही.
एकाचं बिल दुसऱ्याला गेलं
तर दोघंही आपल्याशी बोलायचे थांबतील.
तिसरा तोच थोरला, बँकेसाठी नाव लांबवलेला.
आणि तो फोन...
तो त्याच्या आईचा.
ती उचलायची,
आणि याचा निरोप त्याला, त्याचा याला."

यातलं एक अक्षर कुठल्याच रकान्यात नव्हतं.

पुढल्या आठवड्यात इस्तंबूलहून प्रणाली विकणारा आला,
पडद्यावर एक सोनेरी गोल दाखवून गेला.
सत्याची एकच प्रत, म्हणे.
मी हो हो म्हटलं.
मग एक साधी वही आणली
आणि नुरहयात हानिमच्या शेजारी खुर्ची ओढली.
कोणाला विचारायचं, हा पहिला रकाना.
बदल कोण करणार, हा दुसरा.
दिवसाला नऊ नावं व्हायची. कधी दोनच,
कारण एखाद्या नावापाशी त्या नुसत्याच बसून राहायच्या.

मार्चमध्ये कामगारांची यादी घेतली.
तिथे त्या स्वतः दोनदा:
नुरहयात सेझगिन, १९९२.
नुरहयात ओझबाय, १९९७.
"कुठली खोडू?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, बराच वेळ पाहिलं.
"क्रमांक एकच कर. पगार एकीलाच मिळतो.
पण ती पहिली पुसू नकोस.
पाच वर्षं तिनंही काम केलंय इथं."

मी 'पूर्वीचं नाव' असा रकाना वाढवला.
अजून तरी त्यात एकच नोंद आहे.