बॉनेट

सकाळी खाली आलो तर बॉनेटवर शब्द.
किल्लीनं कोरलेला, दोन अक्षरी.
च ला काना, वर मात्रा, पुढे र.
माहुलकडून येणारी काळी धूळ
उजाडेपर्यंत रेघांत बसली होती,
वाचायला चष्मा लागला नाही.

घाटकोपरला एक मुलगा गाड्यांना फिल्म लावून देतो.
नाव धैर्य. दुकानात एसी, कॉफीचं मशीन,
आणि लग्नाच्या शालूंसारखे उलगडून दाखवायचे रंग.
अंकल, मॅट ग्रे घ्या. दोन दिवसांत गाडी हातात.
कंटाळा आला की सोलून टाका,
खालचा रंग आहे तसाच.
आहे तसाच?
आहे तसाच, तो म्हणाला, हमी दिल्यासारखा,
मग बॉनेट पाहिलं आणि जरा थांबला.
हे आधी भरावं लागेल, अंकल. फिल्म पातळ असते,
उन्हात तापली की खाचेत बसते.
अक्षर वर येतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, विशाखा म्हणाली.
धैर्यचं कोटेशन साडेअठ्ठेचाळीस हजारांचं होतं.

शमशाद पेंटरचं गॅरेज कुर्ल्याला, नाल्याच्या कडेला.
दारं काढलेली एक रिक्षा, टायरला बांधलेली शेळी,
हवेत थिनरचा वास.
त्याला उर्दू तेवढी वाचता येते.
अंगठा त्यानं खाचांवरून सावकाश फिरवला,
काय लिहिलंय, विचारलं.
मी म्हणालो, कुणाचं तरी नाव.
नाव इतकं खोल कोरत नाहीत, तो म्हणाला,
आणि पुन्हा काही विचारलं नाही.
पत्र्यापर्यंत घासणार. मग लांबी, मग प्रायमर,
मग रंगाचे तीन हात. आठ दिवस.
मॅच होईल?
नऊ वर्षं ऊन खाल्लेला रंग
डब्यात कुठून मिळणार, साहेब?

बत्तीस वर्षं मी लोकांचे हिशेब तपासले.
वहीत चूक झाली तर ब्लेडनं खरवडायची नाही,
वर कागदाची पट्टी डकवायची नाही.
एक सरळ रेघ मारायची,
खालचं वाचता आलं पाहिजे,
शेजारी बरोबर आकडा, आणि सही.
किती ज्युनिअरना शिकवलं हे,
आवाज चढवून.

अठरा हजार चारशे.
पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीसाठी जमवलेले,
खजिनदार म्हणून माझ्या कपाटात.
विशाखाचा मोतीबिंदू, माझी अडकलेली पेन्शन,
एकेचाळीस दिवस.
पेन्शन आली, पैसे भरले, पावती फाडली,
तारीख मात्र मागची घातली.
टाकी दुरुस्त झाली. कुणाच्या नळाला
एक थेंब कमी आला नाही.

म्हणजे एकेचाळीस दिवस शब्द बरोबर होता.
बेचाळिसाव्या दिवसापासून चूक.
कोरणाऱ्यानं तारीख घातलेली नाही,
आणि त्या बाबतीत
मी त्याला काय बोलणार?

गाडी शमशादकडे ठेवली.
पाचव्या दिवशी उगाच जाऊन आलो.
बॉनेट राखाडी प्रायमरमध्ये होतं,
शब्द नव्हता, रंगही नव्हता.
हात लावावासा वाटला.
ओलं आहे, तो आतून ओरडला.

आता गाडी टिळकनगरमध्ये, आपल्या जागेवर.
अंग जुनं, लाल, किंचित विटलेलं,
आणि पुढं एवढं एक लखलखीत बॉनेट.
जाणारायेणारा वळून बघतो.
कोरलेला शब्द निदान जवळ येऊन वाचावा लागायचा.

काल रात्री बी विंगच्या राजवाडकर वहिनी
भाजीची पिशवी घेऊन थांबल्या.
बॉनेटच तेवढं नवं केलंत? का हो?
उत्तर तयार होतं. कबुतरं, म्हणणार होतो.
त्यांची घाण रंग खाते, सगळ्यांना पटतं.

किल्ली खिशात टाकली.
म्हणालो, वर या चहाला.
मिस्टरांनाही आणा.
मी वही काढून ठेवतो.