बारा वाजेपर्यंत

पाक साहेब गाडीत मागं बसून चिकन खायचा.
रांजणगाव ते पुणे, दर गुरुवारी,
डबा मांडीवर, काच चार बोटं खाली.
मी स्टेअरिंगवर. मला गुरुवार.
तो आरशातून तंगडी उचलून दाखवायचा,
मी आरशातूनच नको म्हणायचो.

मला फक्त ऐकू यायचं.
भडंगासारखं नव्हे,
भडंग दाताखाली लगेच हार मानतं.
हे आधी अडायचं, मग फुटायचं,
आणि फुटल्यावर आत एकदम गप्प.

एकदा त्यानं विचारलं, गुरुवार संपतो कधी?
म्हटलं, बाराला.
त्याच्या बिल्डिंगखाली गाडी लावली
तर बारा वाजेपर्यंत तो माणूस उतरला नाही.
एसी बंद. दोघंही गप्प. डास.
मग फॉइल सोडून एक तुकडा माझ्यापुढं धरला,
पार गार झालेला.
वाजला.

पुढं साहेब देशाला गेला, गाड्या ठेक्याला गेल्या.
मी सांगलीवाडीत शाळेची व्हॅन चालवतो.
पासिंग बाराचं, पोरं सतरा. कुणाला सांगू नका.

सांगलीत आता कोरियन पुष्कळ निघालंय.
शंभर फुटीला मागितलं तर
शेजवानात बुचकळून दिलं, वर कोबी.
विश्रामबागला काचेच्या हॉटेलात
काळे हातमोजे दिले, टिश्यू दिले, वायफाय दिलं,
चिकन ओल्या पुठ्ठ्यासारखं.
मालकाला विचारलं, दोनदा तळता का?
म्हणाला, काका, एकदा तळायलाच गॅस परवडत नाही.
कुपवाडला पाटीवर कोरीयनची री दीर्घ होती,
तंगडी ऱ्हस्व.

सुगंधा म्हणते, आपल्या रश्श्यानं काय घोडं मारलंय?
काही नाही.
पण तो वाजत नाही.

मग मिरजेत, सतारमेकर गल्लीच्या तोंडाला,
अर्ध्या शटरखाली तहसीन.
मोबाईलवर मालिका बघत बघत शिकली म्हणे.
ब्याडगी, काकवी, लसूण,
आणि एक काहीतरी, जे ती सांगत नाही.
आत तिचा चुलता वाळक्या भोपळ्याला टिचकी मारून
कान लावून बसलेला.
हिनं झाऱ्यावरचा तुकडा चिमट्यानं ठोकला,
कान दिला,
‘अभी नै,’ म्हणाली, आणि परत तेलात.

मी तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसलोच.

‘इथंच खाणार, मामू?’
हो म्हणायला तोंड उघडलं
आणि तिच्या मागं, पिठाळलेल्या कॅलेंडरवर,
गुरुवार.

पार्सल म्हटल्यावर तिनं झाकणाला
दाभणानं भोकं पाडली.
वाफ कोंडली की रडतं म्हणाली.

आयर्विन पुलावर व्हॅन हळू घेतली, खड्डे आहेत.
डबा शेजारच्या सीटवर, पट्टा लावून.
सुगंधा झोपलेली. लाईट लावली नाही.
स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिलो,
मांजराला एका पायानं अडवत.
सव्वाअकरा. साडेअकरा.
बाराला दहा असताना डोक्यात आलं,
त्याच्या देशात दिवस आपल्या आधी उजाडतो,
तो एकदा बोटं मोजून सांगायचा.
म्हणजे त्याच्या घरी शुक्रवार लागून
तेव्हाही तीन-साडेतीन तास झालेले असणार,
आणि हा इकडं, गार डबा घेऊन,
माझा गुरुवार संपायची वाट बघत बसलेला.

घड्याळाचे दोन्ही काटे जुळले.
सॉस घट्ट झालेला, बोटाला चिकटला.
चावलो.

आतल्या खोलीतनं आवाज आला,
‘कोण हाय? काय वाजतंय वं?’

म्हटलं, झोप.
शुक्रवार हाय.