नोंद: पूर्णोदय विद्यापीठ, घणसोली

पहिल्या ओळीतच तीन नारळ फोडलेले:
अग्रगण्य, नामांकित, जागतिक दर्जाचे.
तिन्ही उचलून बाजूला ठेवले.
विद्यापीठ पडलं नाही.
‘आहे’ या क्रियापदावर उभं राहिलं.

जनसंपर्क अधिकारी शार्दूल वैशंपायन
फोनवर फार मऊ बोलतात.
‘मॅडम, निसर्गरम्य तरी राहू द्या.’
मी खिडकीतून बघते: सेक्टर सातचा नाला,
पलीकडे रबाळ्याची धुराडी.
थंडीत फ्लेमिंगो येतात, खरंय,
पण ते खाडीच्या नोंदीत, खंड चौथा.
त्यांनी इथे कुठे प्रवेश घेतलाय?

‘ज्ञानगंगा’ काढली.
‘द्रष्टे कुलपती’मधले द्रष्टे गेले, कुलपती राहिले.
‘शंभर टक्के नोकऱ्या’शेजारी लिहिलं: मोजल्या कुणी?
संध्याकाळी उत्तर आलं: आम्हीच.
सोबत काजूकतलीचा डबा.

डबा खाली वॉचमनकडे दिला, माधवींकडे.
त्यांच्या आजोबांचं शेत होतं
आज जिथे ग्रंथालय आहे तिथे.
म्हणाले, ‘ह्ये पन लिव ना बाय.’
संपादनाचा कागद हाती लागायला तीन आठवडे गेले.
मग लिहिलं: ‘जमीन पूर्वी भातशेतीची.’
एवढंच. हळहळ लिहिली नाही.

आणि एका रात्री, घर झोपल्यावर,
मीच एक वाक्य घुसवलं:
‘येथे विद्यार्थ्यांची लूट होते.’

निहार, माझा भाचा.
दुसऱ्या सत्रात सोडलं त्याने,
एक लाख ऐंशी हजार परत मागत
सात महिने त्याच खिडकीसमोर उभा.
पावत्या माझ्या कपाटात आहेत, पिवळ्या फायलीत.
पण घरातली पावती म्हणजे संदर्भ नव्हे,
मावशी तर नाहीच नाही.
वाक्य पुन्हा वाचलं.
‘अग्रगण्य’चंच सख्खं भावंड,
फक्त तोंड कडू.
खोडलं. कागद जरा फाटला तिथे.

आता उरलंय ते असं:
स्थापना २००३. विद्याशाखा पाच.
ग्रंथ एकतीस हजार
(वाचलेले किती, हे नोंदीचं काम नाही).
विद्यार्थी तीन हजार एकशे बारा, मार्चच्या अहवालानुसार.

निहारने ऑक्टोबरातच सोडलं होतं.
म्हणजे तो या बारांत नाही,
हजारांतही नाही.

आकडा पुन्हा ताडून पाहिला.
बरोबर आहे.